भ्रूणहत्या आणि गर्भपात : दोन शब्दांची समीक्षा

समीक्षेने ग्रंथांचे परीक्षण करावे आणि शब्दांचे परीक्षण कोशकारांवर सोपवावे, अशी वाटणी आपल्याकडे बहुधा मान्य झालेली आहे. परंतु काही शब्द असे असतात की ते ग्रंथात येताना आपल्याबरोबर एक संपूर्ण निवाडा घेऊन येतात. तो निवाडा आपणच केला असे वाचकाला वाटते. वस्तुतः तो शब्दाने आधीच करून ठेवलेला असतो. 'भ्रूणहत्या' हा अशा शब्दांपैकी एक होय. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात तो आरोपाच्या रूपाने उच्चारला जातो, त्या नाटकावरील व्याख्यानांत आणि उत्तरपत्रिकांत तो जसाच्या तसा उतरतो, आणि वर्गाबाहेर पडल्यावर हाच शब्द रस्त्यावरच्या भिंतींवरही भेटतो. या शब्दात स्त्रीच्या संमतीला जागा नाही. आणि ती जागा नसल्यामुळे या शब्दाच्या आधाराने ना हे नाटक नीट वाचता येते, ना त्यातील प्रश्नाचा आजच्या जीवनात नीट विचार करता येतो, असे आमचे म्हणणे आहे. ते येथे क्रमाने मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. 'भ्रूणहत्या' हा धर्मशास्त्राचा शब्द आहे. धर्मसूत्रांत 'भ्रूणहा' म्हणजे गर्भाचा घात करणारा, तसाच विद्वान ब्राह्मणाचा घात करणाराही. महापातकांच्या पंक्तीत या शब्दाला स्थान आहे, आणि पातक म्हटले की प्रायश्चित्त आले. 'गर्भपात' हा शब्द याहून निराळ्या घरचा, वैद्यकाचा आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंतचा तो 'गर्भस्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील तो 'गर्भपात' असा भेद केला आहे. येथे पातकी कोण हा प्रश्न नाही; गर्भ किती दिवसांचा आणि मातेची अवस्था कशी हा प्रश्न आहे. मूढगर्भाच्या चिकित्सेत तर मातेचा जीव वाचविण्यासाठी शस्त्र केव्हा चालवावे याचा विचार त्या ग्रंथाने केला आहे. म्हणजे एकाच संस्कृतातून मराठीला दोन शब्द मिळाले, एक दंड करणारा आणि दुसरा उपचार करणारा. पुढे साहित्यात पहिला रूढ झाला आणि दुसरा दवाखान्याच्या कागदपत्रांत राहिला.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रापुढे हा प्रश्न विधवेच्या रूपाने आला. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. या नावाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात 'हत्या' आहे खरी. पण तिच्या पुढे 'प्रतिबंधक' आहे आणि शेवटी 'गृह' आहे. जोतीरावांनी या गृहाची माहिती देणारी पत्रके शहरात भिंतींवर लावविली. तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, ते स्त्रीच्या इच्छेवर राहील, असा त्यांचा आशय होता. ज्या स्त्रीला समाज खुनी म्हणण्यास सिद्ध होता तिला या पत्रकाने एक पत्ता दिला आणि निवड तिच्यावर सोपविली. मराठी समाजात या विषयावर भिंतीवर लावलेला हा अगदी आरंभीचा मजकूर. त्यात उपदेश थोडा आणि उपाय अधिक होता, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मुलाच्या हत्येबद्दल खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी झोड उठली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. ते विस्मृतीत गेले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. ताराबाईंनी हत्येचे समर्थन केले नाही. त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याची जागा बदलली. ज्या पुरुषामुळे ती स्त्री या अवस्थेला आली तो कोठे आहे, आणि तिचा पुनर्विवाहाचा मार्ग कोणी बंद केला, हे त्यांचे दोन प्रश्न होते. फुल्यांनी निवारा दिला, ताराबाईंनी उलटतपासणी केली. परंतु गर्भ राहण्यापूर्वी, अथवा राहिल्यावर लवकर, स्त्रीने कोणाकडे जावे हा प्रश्न त्या काळाच्या आवाक्याबाहेर राहिला.

तो प्रश्न मराठीत उघडपणे मांडला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली, म्हणजे ज्या वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यांचे 'संततिनियमन : आचार व विचार' हे पुस्तक १९२३ सालचे. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. या मासिकावर १९३१ साली आणि पुन्हा १९३४ साली अश्लीलतेचे खटले झाले. दुसरा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला. त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. कर्व्यांची भाषा सुंदर नाही. ती गणिताच्या अध्यापकाची आहे. पण शरीरातील अवयवांना आणि क्रियांना नावे देताना ती अडखळत नाही. शिक्षा झाली ती या न अडखळण्याला, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये. पुढे शकुंतला परांजपे यांनी पुण्यात हेच काम केले आणि विधिमंडळात व राज्यसभेत तो विषय नेला. परंतु ललित साहित्याने कर्व्यांची शब्दसंपत्ती उचलली नाही. कथा-कादंबऱ्यांतील नायिकेला 'दिवस जात' राहिले, आणि पुढचे सारे विहिरीच्या काठावर अथवा न्यायालयात घडत राहिले.

या पार्श्वभूमीवर 'शांतता! कोर्ट चालू आहे' वाचावयाचे आहे. डिसेंबर १९६७ मध्ये रंगायनने ते रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारे सुलभा देशपांडे यांनी साकारली. हौशी नटांचा एक संच गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी येतो. वेळ काढण्यासाठी खोटाच खटला उभा करतो. आणि त्यात बेणारेबाईंना आरोपी करतो. आरोप भ्रूणहत्येचा, आणि कलम इंडियन पीनल कोडचे तीनशे दोन. खेळ म्हणून सुरू झालेला हा खटला हळूहळू बेणारेच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. तिला प्राध्यापक दामल्यांपासून दिवस गेले आहेत. दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत. त्यांची खुर्ची रिकामी आहे.

येथे कलमाचा आकडा जपून पाहिला पाहिजे. तीनशे दोन हे खुनाच्या शिक्षेचे कलम होते. गर्भपाताचे कलम तीनशे बारा होते, आणि त्याची सामान्य शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती. ज्या संहितेचे नाव घेऊन हे नट बोलतात, त्या १८६० सालच्या संहितेनेही गर्भपात म्हणजे खून मानलेला नव्हता. ही चूक लेखकाची असे आम्ही म्हणणार नाही; ती त्या पात्रांना शोभणारी आहे. त्यांना गुन्हा कोणता याची फिकीर नाही, सर्वांत भयंकर आकडा हवा आहे. 'हत्या' हा शब्द एकदा उच्चारला की खुनाचे कलम आपोआप जवळ येते, हे तेंडुलकरांनी एका वाक्यात दाखविले आहे. दुर्दैवाने वर्गात हे वाक्य माहिती म्हणून शिकविले जाते, उपरोध म्हणून नव्हे.

आता निकाल पाहू. काशीकर न्यायाधीश मातृत्वाच्या पावित्र्याविषयी बोलतात आणि शेवटी शिक्षा फर्मावतात ती अशी की, बेणारेने जगावे, पण तिच्या पोटातील गर्भ नष्ट केला जावा. बेणारे आक्रोश करते. तिला मूल हवे आहे. त्याला बाप मिळावा म्हणून तिने पोंक्ष्यांपुढे आणि रोकड्यांपुढे लग्नाचा शब्द टाकलेला आहे. म्हणजे जो आरोप तिच्यावर ठेवला तेच कृत्य न्यायालय तिच्यावर लादते. या विसंगतीकडे समीक्षकांचे लक्ष पूर्वीच गेलेले आहे, आणि तिला ते बहुधा समाजाचा दांभिकपणा म्हणतात. आम्हांस ते वर्णन खरे पण अपुरे वाटते. कारण संहितेत तीनशे बाराच्या लगत तीनशे तेरावे कलम होते. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करणाराला त्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. काशीकरांचा निकाल हाच त्या नाटकातील सर्वांत मोठा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा ठरतो तो केवळ संमतीच्या अभावामुळे. बेणारेला गर्भ ठेवावयाचा आहे की नाही, हे त्या न्यायालयात कोणी विचारीत नाही. साक्षीला नट आहेत, शास्त्राच्या नावाने मिरविणारा एक आहे, गावचा एक साधा माणूस आहे. वैद्य मात्र नाही. वैद्य असता तर त्याला पहिला प्रश्न तोच विचारावा लागला असता.

'भ्रूणहत्या' या शब्दाने आपण हे नाटक वाचतो तेव्हा हे सारे दिसेनासे होते. स्त्रीने गर्भ पाडला काय, तिच्याकडून बळाने पाडविला काय, शब्द एकच राहतो. मग आरोप आणि निकाल यांतील फरक फक्त करणाराचा उरतो आणि नाटक एका चमत्कृतीवर येऊन थांबते. संमती हा निकष हाती घेतला की आरोप, साक्षी आणि निकाल एका रेषेत येतात. हे नाटक गर्भपाताच्या बाजूचे नाही आणि विरुद्धही नाही. एका स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्यावाचून कसा होतो, याचे ते नाटक आहे.

या वाचनाला काळाचाही आधार आहे. १९६४ साली केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचा अहवाल १९६६ च्या अखेरीस आला. १९६७ साली ब्रिटनने आपला गर्भपातविषयक कायदा केला. आपला कायदा १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर केलेला चित्रपटही १९७१ चाच. तेंडुलकरांनी अहवाल वाचून नाटक लिहिले असे आम्ही सुचवीत नाही. मात्र एकाच सुमारास एक समिती स्त्रियांच्या प्रकृतीचा हिशेब मांडीत होती आणि एक नाटककार त्यांच्यावरील खटला मांडीत होता, ही गोष्ट या नाटकाच्या अध्यापनात यावयास हवी.

आमच्यावर असा आक्षेप येईल की, साहित्यकृतीकडून आरोग्यपत्रिकेची अपेक्षा करणे म्हणजे कलेवर अन्याय होय. तत्त्वतः आम्हांस तो मान्य आहे. बेणारेला दवाखान्यात पाठविले असते तर नाटक मोडले असते. आमची तक्रार नाटककाराबद्दल नाही. नाटकातील आरोपकर्त्यांची भाषा आपली स्वतःची भाषा समजून वापरणाऱ्या समीक्षकाबद्दल आणि अध्यापकाबद्दल आहे. सुखात्मे वकिलाने वापरलेला शब्द प्रश्नपत्रिकेत अवतरणचिन्हांशिवाय येतो, तेव्हा आपण त्या अभिरूप न्यायालयाचे आणखी एक सभासद होतो.

ही केवळ वर्गातील बाब नाही, हे ग्वाल्हेरीत राहणाऱ्या मराठी माणसाला अधिक तीव्रतेने जाणवते. ज्या दर्पण कॉलनीतून आम्ही हे लिहीत आहोत तेथील मराठी घरांत वाचन मराठी, शाळा हिंदी, आणि बाजारातील बोली दोहोंची मिळून झालेली असते. शब्दाचे ओझे त्यामुळे दोन भाषांतून येते. ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना या जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणे सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेहूनही कमी होती. साऱ्या मध्यप्रदेशाचे प्रमाण ९१८ होते. मुली नाहीशा होतात हे येथील उघडे दुःख आहे, आणि त्याविरुद्ध 'कन्या भ्रूण हत्या' हे शब्द भिंतींवर, फलकांवर, शाळांच्या निबंधस्पर्धांत वर्षानुवर्षे लिहिले गेले. हेतू निःसंशय चांगला. परिणाम मात्र असा झाला की 'कन्या' हा शब्द ऐकणाराच्या मनातून गळतो आणि 'भ्रूणहत्या' तेवढी उरते. प्रत्येक गर्भपात बेकायदेशीर आहे असा समज त्यातून पक्का होतो.

वस्तुतः कायदे दोन आहेत आणि त्यांची भाषाही दोन प्रकारची आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला आणि १९९४ साली देशाने केला. त्या कायद्याचा रोख परीक्षेवर, परीक्षा करणाऱ्यावर आणि करविणाऱ्यावर आहे. गर्भवती स्त्रीवर पती अथवा नातलग यांनी सक्ती केली असावी असेच तो प्रथम गृहीत धरतो. येथेही संमतीचा प्रश्न आहेच, आणि कायद्याने तो ओळखला आहे. भिंतीवरच्या शब्दाने ओळखलेला नाही. म्हणून या अपराधाला 'लिंगनिवड' हे नाव अधिक योग्य होय. दुसरा कायदा १९७१ चा. त्याच्या हिंदी नावात 'चिकित्सीय समापन' असे शब्द आहेत, हत्येचा उच्चारही नाही. सज्ञान स्त्रीला पतीची परवानगी त्या कायद्याने कधीच आवश्यक केली नव्हती. तिची स्वतःची संमती मात्र त्याने अनिवार्य केली. २०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले आणि काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्याचे कारण पूर्वी विवाहितेपुरते होते. तेथेही आता 'कोणतीही स्त्री' आली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेला वगळणे घटनेशी विसंगत ठरविले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या स्त्रियांना १९७३ साली दिलेले घटनात्मक संरक्षण काढून घेतले होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी तेथेही गर्भपाताचे आणि संमतीवाचून केलेल्या गर्भपाताचे अशी दोन कलमे, अठ्ठ्याऐंशीवे आणि एकोणनव्वदावे, पृथक् ठेवलेली आहेत. आजची बेणारे अविवाहित शिक्षिका म्हणून कायद्याच्या बाहेर उभी नाही.

शब्दाची बाहेरची किंमत किती, याचा अंदाज एका आकड्यावरून यावा. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असे लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकातील अभ्यासाने दाखविले. त्यांपैकी जवळजवळ पाऊणपट कोणत्याही आरोग्यकेंद्राबाहेर, औषधे घेऊन झालेले होते. लवकरच्या दिवसांत योग्य प्रकारे घेतलेली ही औषधे पुष्कळ अंशी निर्धोक आहेत; परंतु विचारण्यास कोणी नाही, दिवस मोजण्यास कोणी नाही, रक्तस्राव थांबेना तर कोठे जावे हे सांगण्यास कोणी नाही, अशा अवस्थेत स्त्री एकटी पडते. ग्वाल्हेरीत गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले कमलाराजा रुग्णालय स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच आहे, आणि शासकीय रुग्णालयाला या कायद्याखाली निराळी मान्यता घ्यावी लागत नाही. म्हणजे पत्ता शहरात आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर भिंतीवर 'हत्या' वाचली, तिला तो पत्ता विचारण्यास तोंड उघडवत नाही.

आणि म्हणूनच स्त्रियांनी आपली निराळी भाषा केली. मराठीत 'पोट पाडणे' हा जुना प्रयोग आहे. अलीकडे 'पिशवी साफ करणे' असे म्हणतात. आमच्याकडे हिंदीत 'सफाई' एवढेच पुरते. हे शब्द धर्मशास्त्राचे नाहीत आणि पूर्णतः वैद्यकाचेही नाहीत. घरकामाच्या शब्दांत एक मोठी गोष्ट लपविण्याची ही रीत आहे. या शब्दांत पातक नाही, पण बोलण्याची मोकळीकही नाही. ललित लेखकाला येथे जे कष्टमय मौन सापडेल ते आमच्या साहित्याने अद्याप पुरते ऐकलेले नाही असे आम्हांस वाटते.

१९६१ साली याच ग्वाल्हेरीत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाची चिकित्सा करणाऱ्या या समीक्षिकेने साहित्याला जीवनापासून तोडले नाही आणि जीवनाच्या नावाने साहित्याला दावणीलाही बांधले नाही. त्याच मर्यादेत राहून आम्ही अध्यापकांना तीन गोष्टी सुचवितो. 'शांतता!' शिकविताना 'भ्रूणहत्या' हा शब्द पात्रांचा आहे, आपला नव्हे, हे स्पष्ट करावे. तीनशे दोन, तीनशे बारा आणि तीनशे तेरा या कलमांतील भेद वर्गात सांगावा. तो सांगितल्यावाचून त्या निकालाची भीषणता विद्यार्थ्याला कळणार नाही. आणि स्वतःच्या लेखनात कायदेशीर उपचाराला 'गर्भपात' व मुलींच्या नाशाला 'लिंगनिवड' म्हणण्याची शिस्त पाळावी.

वर्गात बसलेल्या पन्नास मुलींपैकी एखादीला, अथवा तिच्या बहिणीला, हा प्रश्न उद्या पडणारच नाही असे कोणत्याही अध्यापकाला म्हणता यावयाचे नाही. तिच्या कानांवर त्या वेळी कोणता शब्द असेल, हे पुष्कळ अंशी आपण आज काय शिकवितो यावर अवलंबून आहे. एकशे साठ वर्षांपूर्वी पुण्याच्या भिंतीवर एका पत्रकाने पत्ता लिहिला होता आणि निर्णय स्त्रीवर सोपविला होता. मराठी गद्याला ती भाषा येत होती. ती पुन्हा वापरात आणणे हे आपले काम आहे.

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर